डोळ्यातून काच येते म्हणे

डोळ्यांच्या दवाखान्यात माणसं डोळे दाखवायला येतात, असा आपला भाबडा समज. तिथल्या मोठ्या सिस्टरला विचारा. ती म्हणेल, निम्मी डोळे दाखवायला येतात आणि उरलेली डोळ्यांना काय काय दिसतं ते ऐकवायला. ऑपरेशननंतर मेलेली बायको पलंगाच्या कडेला येऊन बसते म्हणणारे आजोबा तिनं पाहिले होते. डोळ्यांवर पट्टी बांधून पेपर वाचणारे एक गृहस्थ होते. ते नाकाच्या कडेला राहिलेल्या फटीतून वाचायचे आणि फट बुजवली की त्यांची शक्ती लगेच दमायची. भिंतीपलीकडचं सगळं दिसतं असं सांगणाऱ्या एका बाईला समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर काही दिसलं नव्हतं.

मोठी सिस्टर सगळ्यांचं ऐकून घ्यायची. हसायची नाही, वाद घालायची नाही, मान डोलवायची पण होकार भरायची नाही. सांगणाऱ्याचा दम संपला की तिचा एकच ठरलेला प्रश्न असे. "बरं. आणि दुखतं का?"

या प्रश्नानं भलेभले भानावर येत. शक्तीच्या गप्पा मारणारा माणूस हळूच म्हणे, "हो, रात्री जरा ठणकतं." मग त्याला दिव्याच्या यंत्रासमोर बसवता येई. वॉर्डातल्या पोरी तिला तोंडावर 'मोठ्या सिस्टर' म्हणत आणि पाठीमागे 'बर्फाची लादी'. तिला ते ठाऊक होतं. लादी तर लादी, वितळत नाही ना, मग झालं.

पण आतली गोष्ट वेगळी होती. आत तिला शिसारी यायची. लोकांच्या खोटेपणाची नव्हे. खोटं काय, सगळेच बोलतात. खोटं बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे एक तुपट समाधान पसरायचं, त्याची. अशी माणसं येऊन गेली की ती कोपरापर्यंत हात घासायची, आणि तरी घरी गेल्यावर जेवणापूर्वी धुतलेली ताटं पुन्हा धुवायला घ्यायची. तिची दहावीतली लेक ते बघून म्हणायची, "आज कोण आलं होतं गं, आई? भूत का देव?"

"तुझा मामा," असं म्हणून ती विषय मिटवायची. आणि मग लेकीची हनुवटी धरून, दिव्याकडे वळवून, उगीचच तिचे डोळे बघायची.

"आई! रोज काय?"

"गप. वर बघ."

त्या दिवशी सकाळी जे कुटुंब आलं, ते दारातून आत शिरतानाच तिनं ओळखलं की हे दुसऱ्या निम्म्यातलं आहे. आजारी माणसाचे लोक घाबरलेले असतात. हे मिरवणुकीत चालल्यासारखे आले. पुढे एक जाडजूड बाई, तिच्या हाताला धरलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी, मागे मुलीचे आईबाप. मुलीचा उजवा डोळा टोमॅटोसारखा लाल होता आणि पापण्यांच्या केसांना पिवळं काहीतरी चिकटून वाळलं होतं.

"काय होतंय?" मोठ्या सिस्टरनं विचारलं.

"होत काही नाही," जाडजूड बाई म्हणाली. ती मुलीची आत्या होती. "येतंय."

"काय येतंय?"

"काच."

आत्यानं पिशवीतून एक छोटी डबी काढली, झाकण उघडलं आणि कापसाचा पदर बाजूला केला. आत हिरवट झाक असलेले, चौकोनी, वाटाण्यापेक्षा बारीक दाणे होते. सिस्टरनं हात पुढे केला तशी आत्यानं डबी मागे घेतली.

"तसंच नका शिवू हं. हात धुतलेत ना?"

ज्या बोटांनी तिनं डबी धरली होती त्यांची नखं लांब होती आणि नखांखाली काळं साचलं होतं.

"धुतलेत," सिस्टर म्हणाली. मग मुलीच्या बापाकडे वळून, "तुम्ही काय करता?"

"गाड्यांच्या काचा बसवतो. खाली दुकान, वर घर."

हे तो इतक्या सरळपणे बोलला की सिस्टरला क्षणभर वाटलं, आपलीच ऐकण्यात चूक झाली. तिनं त्याच्या बुटांकडे पाहिलं. तळव्याच्या खाचेत तसलाच एक हिरवट दाणा रुतून बसला होता. तिनं डबीकडे पाहिलं, पुन्हा बुटाकडे पाहिलं, मग त्या तिघांकडे पाहिलं. तिघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. काचेच्या दुकानावर राहणारं घर, आणि पोरीच्या डोळ्यातून काच येते म्हणून नवल करतंय!

ती मुलीपुढे उकिडवी बसली. "बरं. आणि दुखतं का गं?"

मुलीनं आधी आत्याकडे पाहिलं.

"नाही दुखत," आत्या म्हणाली.

मग मुलीनं मान हलवली. नाही म्हणून.

घरचे तिला बबडी म्हणत. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांनी, त्यांना सगळे छोटे डॉक्टर म्हणत, बबडीला यंत्रासमोर बसवलं, बराच वेळ पाहिलं, आणि सिस्टरला बाजूला घेऊन सांगितलं, "बुबुळावर जखम आहे, पू धरलाय. आत्ता दाखल करून तासातासाला औषध घातलं तर डोळा वाचेल. घरी नेली तर आठवड्यात डोळा गेला."

घरच्यांना मात्र दाखल व्हायचंच नव्हतं. त्यांना हवी होती चिठ्ठी. "यंत्रातून बघितलंत ना? मग एवढंच लिहून द्या, की काच आतून येते," आत्या म्हणाली. "लोक विचारतात हो. घरी लोक खोळंबलेत."

छोट्या डॉक्टरांचे कान लाल झाले. सिस्टर मधे पडली.

"लिहून द्यायचं तर आधी नीट दिसायला नको का? एवढ्या लालीत आतलं कुणाला काय कळणार? लाली उतरू दे. वाट साफ झाली की डॉक्टर बघतील आणि जे दिसेल ते लिहितील."

यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि तरीही बोलताना तिला जिभेवर साबणाची चव आली. पण आत्या विरघळली. "बघा, यांना कळतं," ती भावाला म्हणाली. बबडी दाखल झाली. सिस्टरनं तिच्या डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी बसवून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली, आणि दर तासाला स्वतः ती वाटी काढून थेंब घालू लागली. वाटी असेपर्यंत काचेचा एक कण आला नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या घरी गेली होती. बबडीची वेणी घालता घालता तिची आई आपणहून बोलली. बाई मुळात अबोल. पाणी मागायचं तरी आधी आजूबाजूला बघून घ्यायची.

"पहिला दाणा खराच आला हो, सिस्टर. हिचा डोळा खुपत होता, रडली, आणि अश्रूबरोबर गालावर काच आली. मीच बघितली."

"मग दुकानातली असेल असं नाही वाटलं?"

"वाटलं ना. मी यांना तसं म्हटलंही. तर यांनी ताट लोटून दिलं. यांचं एक आहे, काम संपलं की हवेच्या नळीनं सगळे कपडे झाडतात, खिसे उलटे करतात, मगच जिना चढतात. पोर लहान आहे म्हणून. एक दिवस चुकवलं नाही. म्हणाले, माझ्या अंगावरून कण वर येऊच शकत नाही. मग वन्सं म्हणाल्या, तुझ्यावरून नाही आला ना, मग आतूनच आला असणार!" बाईनं वेणीला गाठ मारली. "यांना ते बरं वाटलं."

"आणि पुढचे?"

बाईनं फणीतले केस काढले. "पुढचे वन्संच्या हातालाच येतात," ती म्हणाली.

सिस्टरनं ते ऐकलं आणि थेंबांची बाटली उगीच हलवत बसली. पोरीच्या डोळ्यात पोरीच्या बापाच्या हातून काच जावी, यापेक्षा पोरीच्या डोळ्यातच काच पिकावी, हे त्या माणसाला सोसण्यासारखं वाटलं होतं! आणि ही आई. हिला सगळं ठाऊक आणि ही वेणी घालतेय. सिस्टरच्या तोंडावर आलं होतं, बाई, आई आहेस का कोण आहेस? ते तिनं गिळलं. बोलली असती तर त्यांनी पोरीला उठवून घरी नेलं असतं. तासाचा ठोका व्हायचा होता, थेंब घालायचे होते.

संध्याकाळी भेटायच्या वेळेत आत्या आली. सिस्टर औषधांच्या गाडीशी होती, तिला तिथून सगळं दिसत होतं. आत्यानं कनवटीचा रुमाल काढला, त्याचं टोक तोंडात घालून ओलं केलं, दुसऱ्या हातानं बबडीच्या वाटीची पट्टी सोडवली आणि खालची पापणी अंगठ्यानं खाली ओढली. बबडी हलली नाही. तिनं दोन्ही हातांच्या मुठी मांड्यांखाली घालून ठेवल्या. सवय झाल्यासारख्या.

सिस्टर धावली नाही. धावलं तर हात हिसकेल आणि काच खोल जाईल. ती चालत गेली आणि आत्याच्या मनगटावर हात ठेवून शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, औषधाची वेळ झालीय. तो रुमाल इकडे द्या बघू, धुवून देते." रुमालाला आंबूस वास येत होता. त्याच्या टोकात, थुंकीत भिजलेला, एक दाणा होता.

आणि इतकं निभावलेलं सगळं छोट्या डॉक्टरांनी एका दमात घालवलं. ते दारात उभे होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"लाज नाही वाटत?" ते ओरडले. अख्खा वॉर्ड उठून बसला. "पोरीच्या डोळ्यात काच भरता? तुमच्याच दुकानातली काच आहे ही! पोलिसांत देतो सगळ्यांना!"

ते म्हणाले त्यात काहीही खोटं नव्हतं. पण बबडीचा बाप फळं घेऊन नेमका त्याच वेळी आत येत होता आणि त्याच्या कानांवर फक्त दुकान पडलं.

"माझ्या दुकानातली?" तो म्हणाला. "माझ्या अंगावर कण दाखवा. दाखवा ना! माझ्या घरात काच नसते, डॉक्टर." त्यानं पोरीला उचललं आणि तो चालू लागला. आत्या मागे, आई तिच्या मागे. जिन्यावरून आत्याचा आवाज आला, "यांना शक्तीच सोसत नाही!"

डॉक्टरांनी लगेच फोन लावले, जिथे कळवायचं तिथे कळवलं. मग खुर्चीत बसून म्हणाले, "जीभ आवरली नाही, सिस्टर."

"येणार कधी ते लोक?"

"नोंद केलीय म्हणाले."

सिस्टरच्या डोक्यात थेंबांचे चुकलेले तास चालू झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटी संपल्यावर ती साध्या कपड्यांत त्या दुकानाशी गेली. दुकान शोधावं लागलं नाही. जिन्यावरून रस्त्यापर्यंत रांग होती. ती रांगेत उभी राहिली. पुढचा माणूस मागच्याला सांगत होता, "माझ्या मेव्हणीनं दाणा जिभेखाली ठेवला, पंधरवड्यात तिची धरलेली कंबर सुटली."

"गिळायचा नाही?"

"गिळला तरी चालतो. काही होत नाही."

पैसे कुणी घेत नव्हतं. घेतले असते तर तिला शिसारी जरा कमी आली असती. पैशांचं निदान समजतं तरी. वर खोलीत मधोमध एक उंच स्टूल होतं, त्यावर बबडी, आणि शेजारी हातांच्या खुर्चीत आत्या. आजवर भावाच्या घरी पाटावर बसून भाजी निवडणारी बाई. आता लोक तिला वाकून विचारत होते आणि ती मानेनं उत्तरं देत होती. एका तरुणानं फोन बबडीच्या डोळ्याच्या इतका जवळ नेला होता की तिच्या पापण्या त्याला लागत होत्या. एका बाईनं दाणा कपाळाला लावला, मग तोंडात टाकला, चघळला आणि समाधानानं डोळे मिटले. पूचा वास बंद खोलीत कोंदून राहिला होता, आणि त्या एवढ्या माणसांत कुणाच्याही नाकाला तो जाणवत नव्हता. बबडीचा डोळा आता उघडत होता तेवढा पांढुरका दिसत होता.

आत्यानं तिला ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला. "आलात ना शेवटी? बघा लोकहो, दवाखान्यातल्या आहेत या!"

खोलीतले सगळे वळले. सिस्टरला तिथल्या तिथे सगळं उलथून टाकता आलं असतं. बोलायला शब्द होते, रुमालाची गोष्ट होती. पण लोकांचा तिला अनुभव होता. खोटं उघडं पडलं की लोक खोट्यालाच घट्ट धरतात आणि सांगणाऱ्याला जिन्यावरून खाली ढकलतात. आणि पोर वरच राहते.

"आले," ती म्हणाली. "दाणा नको मला. पोरीला एक विचारायचंय. विचारू?"

"विचारा की. चारचौघांत विचारा."

"तिच्या बाबांनाही बोलवा."

बाप खालून आला. वर यायच्या आधी त्यानं हवेच्या नळीनं कपडे झाडले, त्याचा फुस्कारा वर ऐकू आला. सिस्टरनं त्याला बबडीपासून दोन हातांवर, बरोब्बर समोर उभं केलं. मग तिनं बबडीच्या चांगल्या डोळ्यावर तळवा ठेवला, अगदी हलका.

"बबडे, बाबा कुठं आहेत, दाखव बरं."

बबडी हसली. तिला खेळ वाटला. तिनं मान वळवली, इकडे, तिकडे, आणि बोट केलं खिडकीकडे, जिथून ऊन येत होतं. "ते काय तिथं!"

फोनवाल्या तरुणाचा हात खाली आला.

"अहो, ती आतलं बघते," आत्या घाईघाईनं म्हणाली. "बाहेरचं तिला नको असतं."

"बबडे," बाप म्हणाला. "मी इथं आहे ना."

बबडीनं आवाजाकडे तोंड वळवलं. "हां, तिथंच म्हणत होते मी," ती म्हणाली, आणि आत्याला आवडलं का ते बघायला पुन्हा मान फिरवली, भलतीकडेच.

बाप जागचा हलला नाही. हलली आई. ती भिंतीशी बसली होती, तिथून उठली, गर्दीतून वाट काढत दाराशी गेली, लेकीच्या चपला शोधल्या आणि त्या घेऊन आली. स्टुलापुढे बसून तिनं त्या बबडीच्या पायांत घातल्या. वन्संकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"अगं ए, लोक बसलेत!" आत्या म्हणाली.

"बसू देत," आई म्हणाली.

जिन्यावरून उतरताना रांगेतला एक माणूस कुरकुरला, "आता आमचा नंबर होता." सिस्टरनं त्याच्याकडे बघितलं. सबंध नोकरीत कुणाच्या थोबाडीत मारावी असं तिला इतकं मनापासून कधी वाटलं नव्हतं. "जरा सरका," ती म्हणाली. "पोरीला लागेल."

बबडी पुन्हा वॉर्डात दाखल झाली. डोळा राहिला. त्यातली नजर सगळी राहिली नाही. जखम भरली तिथे पांढरा डाग पडला, आणि बबडीला त्या बाजूनं उजेड आणि सावल्यांपलीकडे फारसं दिसेना. मधे घरी नेली नसती तर बरंच दिसलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. चौकशीचे लोक आले, आत्या दुसऱ्या गावी जावेकडे राहायला गेली होती, तिथून तिला बोलावणार म्हणाले. वॉर्डात मात्र पाहुण्यांमधली दोन माणसं सिस्टरला गाठून हळूच विचारून गेली, "आता पूर्ण बंद झालं का हो? एखादाही येत नाही?"

"नाही," ती म्हणाली. "आणि तुमचं काही दुखतंय का?"

घरी सोडायच्या दिवशी बाप दुकानातून थेट आला. कपडे स्वच्छ, खिसे सपाट. सिस्टर आईला थेंब कसे घालायचे ते समजावत होती. अजून दीड महिना रोज घालायचे होते, आणि एक दिवस चुकला तरी डोळा दुसऱ्यांदा वाचणार नव्हता. बापानं वाकून बबडीला उचललं. बबडीनं नेहमीसारखे दोन्ही हात त्याच्या केसांत खुपसले आणि चेहरा केसांत घासला. पांढऱ्या चादरीवर काहीतरी पडलं. अगदी बारीक, हिरवट.

सिस्टरनं पाहिलं. आईनं पाहिलं. बापानंही पाहिलं. मग त्यानं नजर उचलली आणि सिस्टरच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "आता बंद झालं ना ते? औषधानं?"

त्याच्या चेहऱ्यावर तुपट समाधान वगैरे काही नव्हतं. नुसती भीती होती, आणि तीही तिला किळसवाणी वाटली. पोरीचा अर्धा उजेड गेला आणि हा अजून स्वतःचीच अब्रू सांभाळतोय. एक वाक्य तिच्या दातांशी येऊन थांबलं. ते बोलली असती तर तिची आतली मळमळ त्या दुपारी तरी शमली असती. आणि हा माणूस पोरीला घेऊन पुन्हा जिना चढला असता. इथे परत आला नसता.

"हो," ती म्हणाली. "औषधानं. पण औषधाला धूळ चालत नाही. घरी आलात की आधी डोकं धुवायचं, साबण लावून. मगच हिला उचलायचं. कळलं?"

त्यानं बबडीला हळूच खाली उतरवलं आणि बायकोच्या हातात दिलं.

सिस्टरनं ओल्या कापसानं चादरीवरचा कण टिपला, डब्यात टाकला, झाकण लावलं. "पुढच्या सोमवारी आणा," ती आईला म्हणाली. "सकाळी या, लवकर. उशिरा गर्दी होते." आणि कोपरापर्यंत हात धुवायला ती आत गेली.